खडू पांढराच वर आला

टँकर एक दिवसाआड यायचा. तो सकाळी सातला येणार असेल तर रांग सहाला लागायची, आणि हरिहर ढाणे साडेपाचलाच तिथे उभा असायचा. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले. तरी दोन बादल्या आणि वीस लिटरचा डबा तो एकाच फेरीत घरी न्यायचा. दुसरी फेरी मारावी लागली तर पहिली नीट भरली नव्हती, असे त्याचे म्हणणे.

लखनौच्या आलमबागमध्ये, बसअड्ड्याच्या मागे अर्धा मैल आत ही गल्ली आहे. चाळीस घरे. नगर निगमचा नळ गल्लीच्या तोंडापर्यंत आलेला; पाणी त्याच्या अलीकडेच संपायचे. घरोघर बोअर होते, पण दोन वर्षांपासून ते एकेक करून हवा ओढू लागले. २०२५च्या त्या मे महिन्यात चाळीसपैकी अकरा चालत होते. हरिहरचा त्या अकरांत नव्हता. ज्यांचा चालत होता ते बाकीच्यांना बादली-दोन बादल्या द्यायचे. टँकर चुकला की गल्ली त्या अकरांवर तगायची.

गल्लीला लागून घोसियों का अहाता. घोसी म्हणजे म्हशी पाळणारे. म्हशी केव्हाच गेल्या, घोसीही गेले, मोकळी जागा राहिली होती. आता तिला पत्र्याची भिंत आणि लोखंडी फाटक लागले होते, आणि फाटकावर एक कागद चिकटवला होता.

रांगेत हरिहरच्या मागे चंद्रप्रभा उभी होती. चाळीस नंबरच्या घरातली, विधवा. चौकातल्या दुकानांसाठी चिकनकारीचे कुर्ते धुऊन द्यायची. कशिदा झाला की कापडावरची निळी छपाई धुऊन काढावी लागते आणि तिला पाणी स्वच्छ लागते. तिचा बोअर गल्लीत सगळ्यांत खोल होता, पण ते पाणी कुर्त्यांतच जायचे; घरच्यासाठी ती रांगेत यायची.

"भाईसाहब, आप तो सरकारी आदमी थे," ती म्हणाली. "ज़रा पढ़ आइए, क्या चिपका गए हैं. मेरा चश्मा तो घर पे सो रहा है. आपकी बाल्टी मैं देखती हूँ."

हरिहर गेला. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुण्याचा कारखाना होणार होता. दोन खोल बोअर, रोज तीन लाख लिटर पाणी. कुणाची हरकत असल्यास सुनावणीत मांडावी, असे लिहून तारीख दिली होती. सर्वांत खाली बारीक अक्षरात आधार दिला होता : निरीक्षण विहीर क्रमांक एकतीस, मे २०२१, पाणीपातळी जमिनीखाली ८.६० मीटर. भाग सुरक्षित.

त्याने तो आकडा पुन्हा वाचला. आकडा त्याचाच होता.

परत आला तेव्हा टँकर लागला होता आणि चंद्रप्रभाने त्याची बादली पायाने पुढे सरकवत आणली होती.

"क्या लिखा है?"

"धुलाई का कारखाना. और लिखा है, यहाँ पानी बहुत है."

"अच्छा," ती हसली. "किसने नाप लिया? अंधा था क्या बेचारा?"

हरिहरने डबा नळाखाली धरला. तो आणि दोन्ही बादल्या भरल्या तसा उचलून चालू लागला.

हरिहरचे वडील सातारा जिल्ह्यातले, फौजेत ड्रायव्हर. शेवटची नेमणूक लखनौच्या छावणीत झाली आणि ते इथेच राहिले. हरिहर दहावीपर्यंत शिकला. १९८३ साली, बाविसाव्या वर्षी, जमिनीतले पाणी मोजणाऱ्या सरकारी कचेरीत तो खलाशी म्हणून लागला. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. दोर ओढणारा, सामान उचलणारा, सांगतील तिथे जाणारा. अडतीस वर्षे त्याने तेच काम केले.

काम असे. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये, ठरलेल्या विहिरींवर जायचे. तीस मीटरची पोलादी टेप, टोकाला शिशाचे वजन. टेपच्या शेवटच्या दोन मीटरना खडू फासायचा. विहिरीच्या कठड्यावर रंगाची खूण असते, तिथून टेप सरळ सोडायची. शिसे पाण्याला लागले की हाताला कळते. मग थोडी आणखी सोडायची आणि खुणेवर पुरा आकडा धरायचा, समजा दहा मीटर. वर ओढायची. जेवढा खडू भिजून काळा झाला तेवढा भाग मोजायचा. एक मीटर चाळीस भिजला असेल, तर पाणी आठ मीटर साठवर. हे तीनदा करायचे. तिन्ही आकडे दोन सेंटिमीटरच्या आत जुळले तरच लिहायचे. हरिहरचे जुळायचे.

हे त्याला उल्हास साहेबांनी शिकवले. साहेब नागपूरचे, भूगर्भाचे जाणकार, बोलायला तिखट. १९८७च्या मे महिन्यात हरिहर काकोरीकडच्या एका बागेतल्या विहिरीवर गेला. फाटकाला कुलूप होते. तो परत आला आणि फॉर्मवरचा तो रकाना मोकळा ठेवला.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"कुलूप होतं, साहेब."

"विहिरीला?"

"फाटकाला."

"मग फाटक नव्हतं मोजायचं. जा."

हरिहर चौदा किलोमीटर सायकल मारत परत गेला. भिंतीवरून उतरला, मोजले, पुन्हा चौदा किलोमीटर आला. साहेब कचेरीत बसून होते. त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "मोकळा रकाना म्हणजे कामचुकार माणूस. लक्षात ठेव." त्याने एवढे लक्षात ठेवले की पुढे एकही मोकळा रकाना त्याच्या हातून गेला नाही.

देशाचे कायदे हरिहरला फॉर्मवरून कळायचे. नदी-नाल्यांच्या पाण्याचा कायदा तो नोकरीला लागण्याआधीचा, १९७४चा. भोपाळमध्ये गॅसने माणसे मेली, मग १९८६ साली पर्यावरणाचा मोठा कायदा आला आणि फॉर्मला एक पान वाढले. १९९७ साली सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून दिल्लीत जमिनीतल्या पाण्यासाठी वेगळे प्राधिकरण बसले. फॉर्मवर चार रकाने वाढले आणि कचेरीत एक जीप आली. जीप साहेबांसाठी होती. २०१९ला उत्तर प्रदेशाने स्वतःचा कायदा केला, तेव्हा सगळे संगणकावर गेले. दर वेळी कुणीतरी येऊन भाषण करायचे की आता पाणी वाचणार. हरिहर मागे उभा राहून ऐकायचा. टेप तीच होती, खडू तोच होता, आणि दर मेमध्ये दोर आदल्या मेपेक्षा हातभर जास्त सोडावा लागायचा. हे भाषण करणाऱ्यांना ठाऊक होते की नाही, ते त्याने कधी विचारले नाही. तो आकडा द्यायचा. आकडा दिला की आपले काम झाले, असे त्याला वाटायचे.

क्रमांक एकतीस म्हणजे घोसींच्या त्या अहात्यातली जुनी विटांची विहीर. १९९२ साली घर बांधताना हरिहरने ही गल्ली निवडली ती त्या विहिरीमुळेच. तेव्हा तिला नऊ मीटरवर पाणी होते आणि जाता-येता मोजता येईल अशी होती. पाणी उतरत गेले. जानेवारी २००४ मध्ये अठरा मीटर नव्वद. त्याच मेमध्ये त्याने टेप सोडली, शिसे एकोणीस मीटर पस्तीसवर तळाला लागले, आणि खडू पांढराच वर आला. तीनदा सोडली. तिन्ही वेळा पांढरा.

फॉर्मवर फक्त आकड्याची जागा होती. आकडा तर नव्हता. तो कठड्यावर बसला. मग उठून चालू लागला, कुठेतरी पाणी असेल अशी विहीर शोधत. तीनशे चाळीस पावलांवर मोठ्या नाल्याच्या काठी एक विहीर होती. तिथे मोजले : आठ मीटर बहात्तर. तिन्ही आकडे जुळले. फॉर्मवर क्रमांक एकतीससमोर त्याने ८.७२ लिहिले. आपल्या खिशातल्या वहीत मात्र लिहिले : घोसीची कोरडी, नाल्याची घेतली. कचेरीतल्या बाबूलाही त्याने हे तोंडी सांगितले. बाबू म्हणाला, "ठीक है, अगली बार नया नंबर दिलवा देंगे." ऑगस्टमध्ये बाबू बदलून गेला होता.

नाल्याच्या विहिरीत नाल्याचेच पाणी पाझरायचे. ते उन्हाळ्यातही हलायचे नाही. हरिहरला वासावरून कळत होते ते पाणी कसले आहे. पण फॉर्मवर वास लिहायची जागा नव्हती. पुढे दर वेळी तो तिथेच गेला. मे २००४ ते मे २०२१, एकोणसत्तर वेळा. शेवटच्या वेळी करोनाची दुसरी लाट होती. शहरात ऑक्सिजनच्या टाक्यांसाठी लोक रांगा लावत होते, कचेरी बंद होती. त्याला कुणी जा म्हटले नव्हते. निवृत्तीला बारा दिवस राहिले होते. तोंडाला रुमाल बांधून तो गेला, तीनदा मोजले, ८.६० लिहिले. त्या आकड्याचा त्याला अभिमान होता.

त्या दिवशी डबा स्वयंपाकघरात ठेवून तो खुर्चीवर बसला आणि बायकोला सगळे सांगितले. पद्मिनी तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला केले नाही.

"म्हणजे त्या कागदावर तुमचं नाव आहे?"

"आकडा आहे. नाव कचेरीच्या फायलीत आहे."

"मग कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना."

पद्मिनीने एक खडा उचलून टाकला. "आता कुणाला सांगणार?"

"कचेरीत. जिथं चूक दिली तिथंच दुरुस्त करायची."

"अहो, कचेरीला काय तहान लागते? आधी गल्लीला सांगा. चंद्रप्रभाला सांगा. बाहेरून कळलं तर ती बाई तुम्हाला उभी चिरेल."

"काम वर सांगायचं असतं."

"आयुष्यभर वरच सांगितलंत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पेन्शनचं काही करतील का हो?"

गोमती नगरला राहणाऱ्या मुलीला, शिवांगीला, पद्मिनीनेच फोन लावला. पोरीला मराठी सगळे कळायचे; बोलायची हिंदीत. "पापा, आप मत पड़िए इसमें," ती म्हणाली. "बीस साल पुरानी बात है. आप दोनों यहाँ आ जाइए, चौबीस घंटे पानी आता है."

"तिथलं कुठून येतं गं?" हरिहरने विचारले.

"मतलब?"

"काही नाही. जेवलीस का?"

वर सांगायचे तर नुसते सांगून भागत नाही, मोजून सांगावे लागते. दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून जुनी टेप काढली. ती कचेरीने बाद केली तेव्हा त्याने मागून घेतली होती. तेल लावून पुसली, शिशाची गाठ तपासली, शाळेजवळच्या दुकानातून खडू आणले. फाटकावर चौकीदार होता आणि तो आत सोडेना. हरिहर उन्हात अर्धा तास उभा राहिला. चंद्रप्रभा कुर्त्यांचे गाठोडे घेऊन चालली होती, ती थांबली.

"भैया, इनको रोक रहे हो?" ती चौकीदाराला म्हणाली. "ये इस कुएँ को तब से जानते हैं जब तुम दूध के दाँत गिन रहे थे. दस मिनट की बात है. कारखाना जेब में थोड़े न ले जाएँगे."

चौकीदार हसला आणि सरकला. विहिरीवर आता फरशी बसवली होती, मध्ये लोखंडी झाकण. ते गंजून घट्ट बसलेले. हरिहरने पहारीने ते चार बाजूंनी सैल केले; एका बाजूने जोर लावला असता तर फरशी फुटली असती. झाकण निघायला पंचवीस मिनिटे लागली. त्याने खडू फासला, टेप सोडली. सोळा मीटर वीसवर शिसे आपटले. विहिरीत कुणीतरी राडारोडा टाकला होता. खडू पांढरा. दुसऱ्यांदा पांढरा. तिसऱ्या वेळी चंद्रप्रभा गाठोडे खाली ठेवून वाकून बघत होती.

"पानी छुआ?"

"नहीं."

"तो वो काग़ज़ झूठा है," ती म्हणाली. "आप चलिए हमारे साथ सुनवाई में. आप बोलेंगे तो मानेंगे. आप तो नापने वाले हैं."

तेव्हा तिला सांगता आले असते. ती समोर होती, चौकीदार लांब गेला होता. हरिहरने टेप गुंडाळली, प्रत्येक वेढा पुसून, आणि झाकण परत बसवले. तोवर ती निघून गेली होती.

कचेरीत आता सुनेत्रा मॅडम होत्या. पुण्याच्या, पन्नाशीच्या आत, भूजलाच्या अभ्यासक. हरिहरच्या शेवटच्या दोन वर्षांत त्या इथे बदलून आल्या होत्या. त्याला ओळखून त्या उठून उभ्या राहिल्या.

"ढाणेकाका, बसा. तब्येत काय म्हणते?"

तो बसला नाही. वही टेबलावर ठेवली, मे २००४चे पान उघडले आणि उभ्यानेच सगळे सांगितले. सांगायला सात-आठ मिनिटे लागली. मग मॅडमनी संगणकावर क्रमांक एकतीस काढला. पडद्यावर एक रेघ होती. २००४पर्यंत खाली खाली येणारी, आणि तिथून एकदम वर जाऊन सतरा वर्षे सपाट.

"ही उडी मी पाहिली होती," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं कालव्याचं पाणी मुरत असेल. तुमचे आकडे म्हणून मी शंका घेतली नाही. तुमचे आकडे कधी चुकत नाहीत, असंच सगळे सांगायचे."

"आकडे चुकले नाहीत, मॅडम. विहीर चुकली."

"हो."

"मग काढून टाका ते एकोणसत्तर."

मॅडमनी चष्मा काढला. "काढले तर क्रमांक एकतीसपाशी उरतं काय, काका? जानेवारी २००४चा एक आकडा. एकवीस वर्षं जुना. समिती तो घेणार नाही."

"आणि परवा मी मोजलं ते? कोरडी."

"कोरडी लिहिता येते आता, रकाना आहे. पण कोरडीची सरासरी निघत नाही. तिच्यात पाणी किती खाली आहे हे कुणाला माहीत? म्हणून ती हिशेबातून गळते. या भागाला तीन विहिरी होत्या. बाकी दोन अशाच गळल्या. राहिली ती तुमची, पाणी असलेली. तुमच्यानंतर तिथं कुणी मोजलंच नाही."

हरिहरला समजायला वेळ लागला. "म्हणजे जी आटली तिला कागदावर तोंडच नाही."

"नाही."

"नवीन यंत्र बसवता येईल की."

"प्रस्ताव पाठवलाय दोन वर्षांपूर्वी. बसवलं तरी पावसाआधीचे आणि पावसानंतरचे आकडे लागतात. वर्ष जाईल. सुनावणी गुरुवारी आहे." त्यांनी चष्मा परत लावला. "तुम्ही लेखी द्या. मी माझं टिपण जोडते, की आकडा विश्वसनीय नाही, परवानगी थांबवावी. पण लेखी दिलंत की ते तुमच्यावर येईल. मी चौकशी लावणार नाही. वरच्या कुणी लावली तर मला अडवता येणार नाही."

"कागद द्या," हरिहर म्हणाला.

त्याने उभ्यानेच लिहिले, एक पान. तारखा, दोन्ही विहिरींची जागा, पावले, आकडे. माफीचे एक वाक्य लिहिले आणि खोडले, कारण ते मोजमाप नव्हते. मग पान खोडलेले दिसते म्हणून सगळे पुन्हा लिहिले.

गुरुवारी समितीपुढे गल्लीतून नऊ माणसे आली. चंद्रप्रभा सर्वांत पुढे बसली, इस्त्रीची साडी नेसून. कारखान्यातर्फे सत्यजित नावाचा सल्लागार होता. तरुण, अदबीने बोलणारा. अध्यक्षांनी सुनेत्रा मॅडमचे टिपण वाचले आणि हरिहरला उभे केले. हरिहरने लिहिले होते तेवढेच सांगितले. मागे बसलेल्यांची कुजबुज थांबल्याचे त्याला ऐकू आले.

सत्यजित उठला. "बाबूजी, पहले तो आपको सलाम. अड़तीस साल की नौकरी, एक ख़ाना ख़ाली नहीं छोड़ा. ये दस्तख़त आपके हैं?"

"हैं."

"किसी का दबाव था?"

"नहीं."

"किसी अफ़सर ने कहा था, दूसरे कुएँ पर जाइए?"

"नहीं."

"यानी उनहत्तर बार आपने अपनी मर्ज़ी से लिखा. आज कहते हैं वो सच नहीं था. तो हुज़ूर," तो अध्यक्षांकडे वळला, "आज वाली बात किस नाप से सच मानें? और आप रहते कहाँ हैं, बाबूजी?"

"उसी गली में."

"जी. बस इतना ही."

समितीला वीस मिनिटेही लागली नाहीत. जुना आकडा वादग्रस्त, नवा आकडा उपलब्ध नाही. मनाई करण्याइतका पुरावा नाही. परवानगी मंजूर, अटींसह. पावसाचे पाणी मुरवायला दोन खड्डे, आवारात दोनशे झाडे. सुनेत्रा मॅडमनी आपली हरकत नोंदवायला सांगितली. ती नोंदवली गेली.

बाहेर कडुलिंबाखाली गल्लीची माणसे उभी होती. हरिहर आला तसे ती बाजूला झाली, वाट देतात तशी. चंद्रप्रभा हलली नाही.

"तो वो अंधा आप थे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सत्रह साल. हमारे हैंडपंप सूख रहे थे, आप सामने से टेप लेके निकलते थे, हम कहते थे भाईसाहब पानी देखने जा रहे हैं. उस दिन कुएँ पे मैं आपके साथ खड़ी थी. तब भी ज़बान नहीं खुली?"

"दफ़्तर में बता दिया था."

"दफ़्तर में." तिने पदर खांद्यावर घेतला. "अल्लाह-भगवान जो भी हो, दफ़्तर वाला न हो."

ती ई-रिक्षात बसली. बाकीचे काही तिच्याबरोबर, काही मागच्या रिक्षात गेले. मागच्या रिक्षात एक जागा मोकळी होती. हरिहर पायी आला.

जुलैत खोदकाम सुरू झाले. हरिहर गच्चीवर बसून पाइप मोजायचा. एक पाइप तीन मीटरचा. पहिल्या बोअरला छप्पन्न गेले, दुसऱ्याला साठ. पाऊस चांगला झाला, खड्डेही खणले होते. खड्ड्यांत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या साचल्या. दोनशे झाडे लावली, प्रत्येकाला पाटी. सप्टेंबरात चादरी येऊ लागल्या. दिवसभर मोटरींची घरघर आणि साबणाचा गोड वास.

पेन्शनबद्दल कुणी काही विचारले नाही. चौकशी लागली असती तर बरे झाले असते, असे हरिहरला कधी कधी वाटायचे. निदान फाइल पुन्हा उघडली असती. त्याने कचेरीला चार पत्रे लिहिली, समितीला दोन. उत्तर एकाचे आले : आपले पत्र मिळाले.

टँकरच्या रांगेत तो साडेपाचलाच असायचा. पण आता कुणी त्याची बादली सरकवत नव्हते. पाय आखडले म्हणून बाजूच्या ओट्यावर टेकला, की परतेपर्यंत जागा गेलेली असायची. मग तो शेवटी उभा राहायचा. दोनदा त्याची पाळी येईतो टँकर संपला. पद्मिनीने सांगितले, मी जाते. तो नाही म्हणाला.

अकराचे सप्टेंबरअखेर आठ झाले. दिवाळीला पाच. ज्या घरचा बोअर जाई ते घर पुढच्या टँकरच्या रांगेत दिसे, एवढ्यावरून त्याला मोजता यायचे. डिसेंबरच्या शेवटी एकच चालत होता, चाळीस नंबरचा. चंद्रप्रभा आता कुर्ते घेत नव्हती. गल्लीतल्या लहान पोरांच्या घरी तेवढी एकेक बादली द्यायची. हरिहरच्या घरी तिने कधी दिली नाही, आणि त्यानेही मागितली नाही.

जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या आदल्या सकाळी, तिने दार वाजवले. सुनावणीनंतर पहिल्यांदाच. पद्मिनीने दार उघडले. चंद्रप्रभा आत आली नाही.

"उनसे कहिए अपना फीता ले आएँ," ती म्हणाली. "मिस्त्री ने पंप निकाल दिया है. कहता है मोटर जली है. मुझे जानना है मोटर जली है कि पानी गया."

तीस मीटरच्या टेपला हरिहरने नायलॉनचा दोर जोडला. दोर आधी गच्चीवर पसरून, ताणून, मीटरमीटरवर गाठ मारून घेतला, कारण सैल दोर खोटे बोलतो. तेवढा वेळ चंद्रप्रभा रस्त्यावर उभी राहिली. बोअरच्या तोंडाशी त्याने गुडघ्याखाली पोते घेतले, खडू फासला आणि सोडायला लागला. वीस. तीस. दोर आला. चाळीस. हाताला काही लागेना. पन्नास. पंचावन्न मीटर ऐंशीवर शिसे तळाला टेकले, मऊ, गाळात. वर ओढायला त्याला तीन वेळा थांबावे लागले. टोक वर आले. शिशाला ओला गाळ होता, पण खडू पांढरा.

दुसऱ्यांदा सोडली. तिसऱ्यांदा सोडताना पद्मिनी म्हणाली, "अहो, कळलं आता." त्याने सोडली.

मग वही काढली आणि हिंदीत लिहिले, म्हणजे तिलाही कळावे. ती तशीच उभी होती.

"पढ़ के सुनाइए."

"मकान नंबर चालीस. तेरह जनवरी दो हज़ार छब्बीस. तला पचपन मीटर अस्सी. सूखा." त्याने वही तिच्यापुढे धरली. "दस्तख़त मेरे हैं."

तिने चष्मा लावून बघितले, बराच वेळ.

"अब ठीक लिखा," ती म्हणाली. "अब किस काम का."

ती आत गेली आणि रिकाम्या बादल्या एकात एक घालू लागली. उद्या टँकरचा दिवस होता. हरिहर पोत्यावर बसून टेप गुंडाळू लागला. ती कोरडीच होती, पुसायची गरज नव्हती. तरी त्याने प्रत्येक वेढा पुसला.